कवाइतीचा तास

गेल्या वर्षी आमचा एक जुना विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला. वय पन्नाशीच्या आतले. परंतु आमचा एक जिना चढताना तो मध्येच कठडा धरून उभा राहिला. वर आल्यावर म्हणाला, "गुरुजी, कवाइतीच्या तासाला आपण आमच्याकडून शब्दरूपे घोकून घेत होता. ती अजून पाठ आहेत. दम मात्र राहिला नाही." तो हसला; आम्हांस हसू आले नाही. परीक्षा जवळ आली की तो तास आम्ही मागून घेत असू, आणि त्यात मुलांचे काही हिरावून घेत आहो, हे आमच्या मनास कधी शिवलेही नाही.

वास्तविक व्यायामाचे महत्त्व आपल्या प्रांतास नवे नव्हे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिले. त्याच मंडळाच्या पथकाने १९३६ साली ऑलिंपिकच्या वेळी बर्लिन येथे देशी खेळ जगास दाखविले. या मंडळींनी एक मर्म जाणले होते. एकट्याचा व्यायाम संकल्पाच्या उत्साहापुरता टिकतो. दहा जणांत केलेला अंगवळणी पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाणही अवघड नाही. प्रौढांनी आठवड्यास निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे. अतिरेक मात्र नसावा. व्यायाम अर्ध्या शक्तीइतकाच करावा असे सुश्रुत सांगतो, आणि तोंडाने श्वास येऊ लागणे ही त्या मर्यादेची खूण देतो. हृदयविकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांस विचारावे, हे सांगणे नलगे.

त्या भेटीनंतर आम्ही आळीतील देवळाच्या पटांगणात सकाळी सहाचा वर्ग आरंभिला. पहिल्या आठवड्यात एकही स्त्री फिरकली नाही. आम्ही घरात कारण विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, "मग मुलांचे डबे कोण भरणार?" चाळीस वर्षांच्या संसारात हा हिशेब आम्ही कधी मांडलाच नव्हता. वेळ सायंकाळी साडेपाचची केली. आता निम्म्याहून अधिक संख्या स्त्रियांची असते.

हजेरी घेण्याची आमची जुनी खोड येथे कामास आली. जो दोन दिवस दिसत नाही, त्याच्या दारी तिसऱ्या दिवशी कोणीतरी जाऊन चौकशी करतो. त्यामुळे कित्येकांचा आळस गेला, आणि एका एकाकी वृद्धाचा ताप वेळीच कळला.

असो. वाचकांत जे शिक्षक असतील, त्यांस एकच विनंती. शब्दरूपे उद्याही पाठ होतील. कवाइतीचा तास मुलांचा आहे. आमच्याप्रमाणे तो मागून घेऊ नका.