तान्ह्याची झोंप आणि घरची मंडळी

ह्या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार वरचेवर आढळते. मूल सहा-सात महिन्यांचें झालें आहे, प्रकृति उत्तम आहे, दिवसभर हंसतें-खेळतें. मात्र रात्रीचे दहा-अकरा वाजले तरी डोळ्यास डोळा लावीत नाहीं. पत्र बहुधा तरुण मातेचें असतें आणि शेवटीं भीत भीत लिहिलेलें एखादें वाक्य असतें, कीं घरांत सर्व म्हणतात, तुलाच मूल सांभाळतां येत नाहीं. जागरणापेक्षां हा बोलच तिला अधिक झोंबत असावा. म्हणून आज जें लिहावयाचें तें तिला उद्देशून नसून तिच्या सासूसासऱ्यांस, दीरनणंदांस आणि विशेषतः आम्हां आजोबामंडळींस उद्देशून आहे.

अगोदर बाळाच्या बाजूनें पाहूं. नुकत्या जन्मलेल्या अर्भकास दिवस आणि रात्र हा भेद ठाऊकच नसतो. रात्र झाली हें शरीरास कळविणारा मेलाटोनिन नांवाचा रस मेंदूंतील एका लहानशा ग्रंथींतून स्रवतो. त्याचा क्रम साधारणतः तिसऱ्या महिन्याच्या सुमारास बसूं लागतो. तोंपर्यंत नियमाचा आग्रह व्यर्थ होय; बाळाचा जो क्रम तोच घराचा क्रम. त्यापुढें मात्र वळण लावतां येतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणें चार ते अकरा महिन्यांच्या बाळास अहोरात्रांत १२ ते १६ तास निद्रा हवी, दिवसांतील डुलक्या धरून.

दुसरी गोष्ट अशी, कीं मोठ्या माणसाच्या झोंपेचें एक आवर्तन सुमारें दीड तासाचें, तर बाळाचें पाऊण ते एक तासाचें असतें. आणि प्रत्येक आवर्तनाच्या शेवटीं बाळ किंचित् जागें होतें. डोळा लागतांना भोंवतीं जें होतें तें तसेंच आहे ना, हें जणूं तें चाचपून पाहतें. काकांच्या खांद्यावर, दिव्यांच्या लखलखाटांत झोंपी गेलेलें मूल अंधाऱ्या खोलींत एकटें जागें झालें, तर तें रडतें ह्यांत नवल काय? आपण माजघरांत निजावें आणि जाग यावी ती अंगणांत, असें झालें तर आपणही घर डोक्यावर घेऊं.

आतां घराच्या बाजूनें पाहूं. सायंकाळीं सातच्या सुमारास बाळ जांभया देऊं लागतें, डोळे चोळतें. आई त्यास घेऊन खोलींत जाते. इकडे दिवाणखान्यांत टीव्हीवर बातम्यांचा कल्लोळ चाललेला असतो. इतक्यांत धाकटे काका कचेरींतून येतात. "वहिनी, आणा ना त्याला जरा बाहेर, दिवसभरांत तोंडही पाहिलें नाहीं!" बाळ बाहेर येतें, काका त्यास वर उडवून झेलतात, तें खदखदां हंसतें आणि सर्वांस वाटतें, ह्याला कोठें झोंप आली आहे! पाठोपाठ अमेरिकेंतील आत्याबाईंचा व्हिडिओ कॉल येतो, कारण तिकडे तेव्हां सकाळ असते. झोंपेची वेळ टळलेलें मूल अतिश्रमानें अधिकच चेततें आणि मग अकस्मात् किंचाळूं लागतें. त्या क्षणीं "घे ग बाई, ह्याला आतां आईच हवी" असें म्हणून तें सूनबाईंच्या हवालीं होतें आणि मंडळी जेवावयास बसतात. पुढचे दोन तास ती एकटीच खोलींत येरझारा घालते. बिघडविणारे हात अनेक, निस्तरणारे दोनच!

उपाय साधा आहे: क्रम. तो लहान असावा, रोज तोच असावा आणि कोणाच्याही हातून तसाच घडावा. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ जोडी मिंडेल आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं २००९ सालीं ४०५ मातांच्या बाळांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. स्नान, अंगास हलकें मर्दन, मग एखादी शांत गोष्ट, आणि स्नानानंतर अर्ध्या तासांत दिवा मालवणें, एवढाच तो क्रम. दोन आठवड्यांत मुलें लवकर झोंपूं लागलीं, रात्रींचें उठणें कमी झालें आणि मातांची मनःस्थितिही सुधारली. ह्या प्रयोगास बाळांचें तेल-साबण विकणाऱ्या एका कंपनीचें द्रव्यसाहाय्य होतें, हें सुज्ञांनीं ध्यानांत ठेवावें. परंतु क्रम पाळण्यास कोणतीही बाटली विकत आणावी लागत नाहीं.

आपल्याकडे बाळाचें न्हाणें सकाळीं होतें. तें हलविण्याचें कारण नाहीं. सायंकाळीं कोमट पाण्यानें हातपाय-तोंड पुसावें, लंगोट बदलावा, सुती झबलें घालावें. तळवे आणि पाठ ह्यांस ऊन हातांनीं थोडें तेल चोळावें. मंद उजेडांत पाजावें. आणि मग अंगाई. ती एकच असावी. आजीचा आवाज चिरका असला तरी बिघडत नाहीं. बाळ सूर ऐकत नाहीं, ओळख ऐकतें. मार्कंडेयपुराणांतील मदालसेनें रडणाऱ्या पुत्रास आत्मज्ञान गाऊन सांगितलें. आपण चांदोबा सांगितला तरी पुरे. डोळे जड झाले, पण मिटले नाहींत, अशा वेळीं बाळास बिछान्यावर ठेवावें, म्हणजे पेंगतांना जें भोंवतीं दिसलें तेंच मध्यरात्रीं जाग आल्यावर त्यास दिसेल. एकत्र कुटुंबाचा खरा लाभ येथें आहे. क्रम सर्वांस पाठ असला, तर आई तापानें पडली असतांही आजोबांच्या हातून बाळ निजतें.

कांहीं जुन्या चालींविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या अनेक स्त्रिया तान्ह्या मुलांस अफूची बाळागोळी देऊन कामास जात. त्यांचा नाइलाज तरी होता. आज सुशिक्षित घरांत झोंपेसाठीं सर्दीखोकल्याचें औषध चमचाभर पाजलें जातें, त्यास काय म्हणावें? जायफळांत गुंगी आणणारें द्रव्य आहे; तान्ह्यास तें किती सोसेल ह्याचें माप सहाणेवरील वेढ्यांनीं होत नाहीं. वर्षाच्या आंतील मुलास मध चाटवूं नये. धुरी कोवळ्या फुप्फुसांस बाधते. मोहरीची उशी आणि दुलयांचा ढीगही नको. बिछाना सपाट व घट्ट असावा आणि बाळास उताणें निजवावें. उताण्या निजविण्याची मोहीम अमेरिकेंत १९९४ सालीं सुरू झाल्यावर झोंपेंत होणाऱ्या आकस्मिक बालमृत्यूंचें प्रमाण तेथें पुष्कळच उतरलें. पाळणा झोके देण्यापुरता ठीक.

आणि बागुलबुवा! मूल रडो वा न जेवो, राक्षस-पिशाच-पूतनांचीं नांवें घेऊन त्यास भिववूं नये, असें चरकसंहितेच्या शारीरस्थानांत स्पष्ट सांगितलें आहे. चरकाचा अभिमान वाहणाऱ्या घरांतच हा बुवा सर्वांत अधिक राबतो, ही मौज आहे.

माझ्या परिचयाच्या एका घरीं सासऱ्यांनींच पुढाकार घेतला. साडेसातनंतर टीव्ही बंद, बाळाच्या खोलींत एकच मंद दिवा. काकांस सकाळच्या तेल-न्हाण्याचा मान देण्यांत आला आणि आत्याबाईंचा कॉल रविवारीं सकाळीं ठरला. पहिल्या तीन-चार रात्रीं बाळ रडलें. कोणीतरी जवळ बसून थोपटीत राहिलें, पण दिवाणखान्यांत आणलें नाहीं. बारा-तेरा दिवसांत तें आठच्या आंत निजूं लागलें. पुढें दांत येतांना व प्रवासांत क्रम मोडला, तो घरीं परतल्यावर पुनः बसला.

बाळ झोंपेंत सतत घोरत असेल, श्वास अडखळत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर क्रमाच्या भरंवशावर न राहतां डॉक्टरांस दाखवावें. तसेंच बाळ निजल्यावरही जिला झोंप येत नाहीं, जी विनाकारण रडते, जिचें कशांतच मन लागत नाहीं, अशा सूनबाईंस "आम्हींही मुलें वाढविलीं" हें ऐकवूं नये. प्रसूतीनंतर येणारा हा एक आजार आहे व त्यावर उपचार आहेत. घरांतील कोणीतरी तिच्यासह डॉक्टरांकडे जावें, आणि तेवढा वेळ बाळ आजीनें घ्यावें.