कुत्र्यापलीकडचेही सोबती


माणूस आणि प्राणी यांच्या नात्यावरील चित्रपटांचा आपण छापलेला लेख वाचला. ‘हाथी मेरे साथी’ (१९७१) आणि ‘तेरी मेहरबानियाँ’ (१९८५) यांचं कौतुक रास्तच. पण ‘मराठीत या विषयावर फारसं काही नाही’ हा शेरा मान्य होण्यासारखा नाही. लेखकाने सोफ्यावरचा कुत्रा पाहिला, गोठा पाहिलाच नाही.

मंगेश हाडवळे यांचा ‘टिंग्या’ (२००८) आठवा. बिबट्यासाठी खणलेल्या खड्ड्यात पडून चितंग्या बैल जायबंदी होतो. टिंग्या या पोराचा बाप कर्जात, म्हणून बैल खाटकाला द्यायचा. शेजारची म्हातारी आजारी पडली तर तिच्यावर उपचार, मग चितंग्यालाच का विकायचं, हा पोराचा सवाल आमच्या भागात कुठल्याही दावणीशी ऐकू येईल. त्याच वर्षीच्या ‘वळू’त देवाला सोडलेला बैल अख्ख्या गावाला पळवतो. ‘ख्वाडा’त धनगराची मेंढरं आहेत.

आणि ‘फँड्री’? केमहून दौंडकडे निघालं की जेऊर लागतं, त्याचे दिग्दर्शक नागराज मंजुळे तिथलेच. चित्रपटात डुक्कर पकडणारं कुटुंब शाळेतलं राष्ट्रगीत ऐकून जागच्या जागी थबकतं, आणि डुक्कर निसटतं. तिथे प्राण्याशी नातं लळ्याचं नाही, जातीने गळ्यात मारलेल्या कामाचं आहे. गोंडस नाही म्हणून ते नातंच नव्हे, असं कसं म्हणता येईल?

पुढच्या अंकात या चित्रपटांवरही सविस्तर लिहून घ्यावं, ही विनंती.

— एक वाचक, केम (ता. करमाळा, जि. सोलापूर)