डोळ्यातले कुसळ

सातवीच्या वर्गात आम्ही म्हणी शिकवत होतो. 'दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही.' मुसळ एका मुलीने नानीच्या घरी पाहिले होते. कुसळ मात्र कुणालाच सांगता येईना. ऑक्टोबरचे दिवस होते, आणि मधल्या सुट्टीत मागच्या माळावर खेळून आलेल्या निम्म्या पोरांच्या मोज्यांत तेच टोचत होते!

एकाच्या मोज्यातून आम्ही कुसळ उपटले, बशीत ठेवले आणि वर पाण्याचा थेंब सोडला. त्याचा पीळ सुटू लागला, कुसळ गोल गोल फिरू लागले. "मॅडम, हे तर जिवंत आहे!" पोरे ओरडली.

तसे ते जिवंत नाही. कुसळी गवताच्या बीला वर बोटाएवढी लांब, पिळलेली काडी असते. खाली सुईसारखे टोक, आणि टोकावर मागे वळलेली बारीक लव. दवाने काडी भिजली की पीळ सुटतो, उन्हाने वाळली की पुन्हा बसतो. या फिरण्याने बी मातीत स्क्रूसारखी शिरते आणि उलटी लव तिला मागे येऊ देत नाही. अल्लाहने बी पेरायची ही सोय केली आहे. पण माती आणि बकऱ्याचे कातडे यांतला फरक बीला काय कळणार?

हा फरक आमच्या घरी महागात पडता पडता राहिला. कुर्बानीसाठी दिवाळीनंतर एक बकरा आणून पाळला होता. बकरीद तीन महिन्यांवर असताना एका सकाळी त्याचा डावा डोळा मिटलेला, पाणी गळते आहे, चाऱ्याला तोंड नाही. शेजारच्या चाचांनी मिठाचे पाणी मारायला सांगितले, आणखी कुणी तंबाखूचे. आम्हीही वारा लागला असेल म्हणून दोन दिवस घालवले. ही चूक आमचीच. तिसऱ्या दिवशी बुबुळावर निळसर पांढरा पडदा दिसला, तेव्हा धाकट्याला रडू कोसळले. ज्याचा एक डोळा उघड गेला आहे असे जनावर कुर्बानीला चालत नाही, हे त्यालाही ठाऊक होते. पण तो रडत होता त्याच्या दोस्तासाठी.

जनावरांच्या डॉक्टरांनी डोळा बधिर केला आणि खालच्या पापणीआडून चिमट्याने कुसळ काढले. पडदा जायला तीन आठवडे लागले. कुसळ आले होते विकत घेतलेल्या वाळल्या गवतातून. तेव्हापासून पेंढी आली की आम्ही आधी शेंडे पाहतो. कुसळीची कुसळे वाळल्यावर एकमेकांत गुंतून काळपट शेंड्या होतात, त्यावरून ती लगेच ओळखू येते. शेंडे कोयत्याने छाटायचे, उरलेली पेंढी दगडावर झटकायची, मगच गव्हाणीत टाकायची. बकरा लाळ गाळू लागला, चघळता चघळता थांबला, तर ओठ उलटून हिरड्या आणि जिभेखाली पाहायचे. खुरांच्या बेचकीतही. मांजर एकाच बाजूला कान झटकत असेल किंवा पंजा सारखा चाटत असेल, तर तिथेही हेच शोधावे. खोल गेलेले सुईने कोरू नये, ते आणखी आत सरकते, आणि एक्स-रेत बहुधा दिसतही नाही.

माणसाच्या डोळ्यात गेले तर? चोळू नका. मध, दूध, सुरमा काही घालू नका. घरात पडून राहिलेली थेंबांची बाटली तर मुळीच नको. गवताकाडीने बुबुळावर ओरखडा उठला की त्यात बुरशी वाढू शकते, आणि स्टेरॉइडचे थेंब पडले तर ती आणखी बळावते. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. दुखणे थांबले म्हणून थांबू नये.

आता अंगणाचे. कुसळी कोवळी असते तेव्हा गुरे आवडीने खातात, म्हणून तिला दुष्मन समजायचे कारण नाही. तुरे धरायच्या आत, भादव्याच्या सुमारास कापली की चारा मिळतो आणि कुसळेही टळतात. आपण नेमके उलटे करतो. गवत पिवळे पडेपर्यंत थांबतो, मग उपटताना कुसळे साऱ्या अंगणात सांडतो. बरेच जण काडी लावून मोकळे होतात. त्याने दुसरे गवत जळते, कुसळीचे बुंधे मात्र पावसात पुन्हा फुटतात. हरळीच्या हिरवळीत एखादा बुंधा आला तर पाऊस पडून माती मऊ झाल्यावर खुरपीने मुळासकट काढावा, आणि उघड्या जागेत हरळीचीच कांडी दाबावी.

कोल्ह्याच्या शेपटीसारखा तुरा असलेले आणखी एक गवत कुंपणाकडेला दिसते. ते राळ्याच्या भाऊबंदांपैकी. त्याचे तुरे ओढणीला असे चिकटतात की ओढणी फाटते, तुरा सुटत नाही. तेही तुऱ्याआधीच कापावे.

शाळेत आम्ही शिपाईमामांना सांगून मैदानाची कड सप्टेंबरातच कापून घेतो. मागचा माळ आमचा नाही, तिथे कुसळी डुलतेच. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर पोरांनी मोजे दाराबाहेर काढायचे आणि कुसळे वेचून कागदाच्या पुडीत टाकायची, असा आमच्या घरचा नियम आहे. धुवायच्या कपड्यांत एकही जाता कामा नये. गेले तर ते नेमके अब्बांच्या बनियनमध्ये निघते.