सुट्टी नको, दिवस हवा

मित्रांनो आणि भित्तिपत्रक वाचायला थांबलेल्या पालकांनो,

कॅलेंडरात लाल अक्षरांत छापलेले दिवस सगळ्यांना पाठ असतात. यंदा कोणती सुट्टी रविवारी येऊन बुडाली, हे तर आम्हाला गुरुजींच्याही आधी कळते. पण काही दिवस असे आहेत की ते लाल अक्षरांत नसतात, त्यांची सुट्टी मिळत नाही, तरी माणसे ते हौसेने पाळतात. हे दिवस आहेत खाऊचे आणि खेळण्यांचे. आपल्या शाळेतही असा एक दिवस असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. का, ते सांगतो.

आधी वडापावचे पाहू. २३ ऑगस्ट हा जागतिक वडापाव दिवस म्हणून पाळतात. दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ साली वडापाव विकायला सुरुवात केली, असे सांगतात. पण वड्याचे नाव निघाले की आपण कर्जतकर गप्प बसत नाही. कर्जत स्टेशनचा बटाटेवडा मुंबई-पुण्याच्या प्रवाशांना ठाऊक आहे. त्याचे कारण भोर घाट. १८६३ साली या घाटातून रेल्वे सुरू झाली. चढ एवढा मोठा, की सदतीस फूट पुढे जावे तर एक फूट वर चढावे लागते. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना ढकलायला मागून जादा इंजिने कर्जतला जोडतात. इंजिन जोडेपर्यंत गाडी उभी, आणि गाडी उभी म्हणजे वडा गरम! डोंगर उंच म्हणून वडा प्रसिद्ध, अशी ही गंमत आहे. आणखी गंमत म्हणजे बटाटा आणि मिरची मूळच्या अमेरिका खंडातल्या, पाव आणला पोर्तुगीजांनी, आणि वडापाव मात्र आपला.

जगानेही असे दिवस ठरवले आहेत. संयुक्त राष्ट्रांनी ३० मे हा बटाट्याचा दिवस ठरवला आणि ११ जून हा खेळाचा दिवस ठरवला. दोन्ही २०२४ सालापासून पाळतात. छान आहे. पण ३० मेला आम्ही आंब्याच्या झाडावर असतो आणि ११ जूनला शाळा उघडलेली नसते. जगाच्या तारखा आपल्या शाळेला विचारून ठरत नाहीत. म्हणून आपली तारीख आपणच ठरवली पाहिजे.

आपल्याच राज्यात बघा. नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुले लाकडाचे बैल सजवून मिरवतात. मोठ्यांच्या बैलांचा सण झाला, की मुलांच्या खेळण्याचा सण. किती न्यायाची गोष्ट आहे!

आणि आपल्या रायगडात पोपटी आहेच की! तिची तारीख कोणी छापत नाही. भात कापल्यावर जमिनीत जो ओलावा उरतो, त्यावर वाल येतो. थंडीत शेंगा भरल्या की पोपटीचे दिवस आले. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडे मीठ, ओवा. कोणी बटाटे घालतात, कोणी अंडी, कोणी कोंबडी. तोंडाला पुन्हा पाला दाबायचा, मडके उपडे ठेवायचे आणि भोवती पेंढा, काटक्या पेटवायच्या. आत तेलाचा थेंब नाही, पाण्याचा थेंब नाही. शेंगांच्या वाफेवर शेंगा शिजतात. मडक्यावर पाणी शिंपडले की चर्र आवाज येतो आणि जाणते काका सांगतात, "झाली रे!" मग राखेच्या कडेला बसून सगळी आळी खाते. याहून चांगला सण कुठला?

पण इथेच माझे खरे म्हणणे आहे. पोपटीच्या वेळी आमच्या वर्गातली काही मुले गावात नसतात. दिवाळी झाली की कातकरी वाडीतली बरीच घरे वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर कामाला जातात. आईबाप गेले म्हणजे पोरंही जातात. लहान भावंडांना सांभाळायला कोणी तरी लागते ना! ती पावसाच्या तोंडाला परत येतात. तोवर आमचा धडा पुढे गेलेला असतो आणि हजेरीच्या वहीत त्यांच्या नावापुढे रेघा असतात. वर्गात सगळ्यांत चांगला भोवरा फिरवणारा मुलगा याच वाडीतला आहे. जाळी गुंडाळून असा फेकतो की भोवरा आरीवर उभा राहून झोपल्यासारखा दिसतो. तो नसताना आम्ही खेळाचा दिवस कसला करायचा?

म्हणून मी सुचवतो की आपला दिवस सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी असावा. तेव्हा लावणी संपलेली असते, कापणी सुरू झालेली नसते आणि दिवाळी लांब असते. त्या दिवशी वर्ग पूर्ण भरलेला असतो. नाव ठेवूया 'भाकरी-भोवरा दिवस'.

नियम तीनच. पहिला, दुकानातून काही आणायचे नाही. पुडीतला खाऊ नाही, सेलवरची गाडी नाही. दुसरा, प्रत्येकाने घरचा एक पदार्थ आणायचा. नाचणीची भाकरी आणि चटणी आणली तरी चालेल. २०२३ साल सगळ्या जगाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, मग आपण नाचणीला का लाजायचे? तिसरा नियम, एक खेळणे स्वतः केलेले किंवा घरच्यांकडून शिकलेले आणायचे. भोवरा, विटी-दांडू, सागरगोटे, सायकलच्या जुन्या टायरचा गाडा, बांबूच्या नळीची बंदूक, काहीही. ज्याला येते त्याने ज्याला येत नाही त्याला शिकवायचे.

या तिसऱ्या नियमाने एक मोठी गोष्ट होईल. वर्षभर जे पाढ्यात मागे असतात, ते त्या दिवशी गुरुजी होतील. वाडीतल्या मुलांना रानातले जे ठाऊक आहे, ते आमच्या पुस्तकात नाही. पहिल्या पावसात शेवळे कुठे उगवतात, ती खाजू नयेत म्हणून भाजीत काकडाची फळे का घालतात, कडूकंदाचे काप वाहत्या पाण्यात का ठेवावे लागतात, हे त्यांना येते. पण ते कोणी विचारत नाही, म्हणून त्याला मार्क नाहीत.

आता काहीजण म्हणतील, दिवस काय कमी आहेत? रोज कुठला ना कुठला दिन असतोच. खरे आहे. पण या दिवशी भाषण नको, हार नको, पाहुणे नकोत. घंटा झाली की खेळायला सुरुवात.

काहीजण म्हणतील, सप्टेंबरच्या शेवटी पितृपक्ष असला तर? भोवरा फिरवायला मुहूर्त लागत नाही. भाकरीला तर मुळीच नाही. आणि नवरात्र आले नि कोणाचा उपवास असला, तर त्याने रताळे आणावे.

काहीजण म्हणतील, मग सुट्टीच द्या. माझा याला विरोध आहे. सुट्टी म्हणजे शाळेच्या खिचडीलाही सुट्टी. घरी बसून ज्यांना दुपारी पोटभर मिळते त्यांना सुट्टी गोड लागते. सगळ्यांचे तसे नसते. म्हणून शाळा भरलीच पाहिजे, खिचडी शिजलीच पाहिजे, आणि तिच्या शेजारी आमच्या भाकऱ्या मांडल्या पाहिजेत. कोणाला काही आणायला जमले नाही, तर त्याने नुसता हात धुऊन पंगतीत बसावे. विचारायचे नाही, हा चौथा नियम समजा.

एका दिवसाने वीटभट्टी बंद होणार नाही, हे मलाही कळते. पण ज्या शाळेत आपल्या आईची भाजी सगळ्यांनी मागून खाल्ली, त्या शाळेत पावसाळ्यात परत यायला पाय अडखळत नाहीत, असे मला वाटते. आणि मागे राहिलेल्या आम्हालाही रिकामी जागा दिसली की आठवण राहील, की इथे कोणी बसत होते.

पालकहो, तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. तुम्हाला लहानपणी जो खेळ येत होता तो यंदा पोरांना शिकवा. आजोबांना म्हणावे, विटी-दांडू घेऊन शाळेत या, धावा आम्ही काढू. ज्यांना ही सूचना पटली त्यांनी खालच्या कोऱ्या कागदावर आपले नाव आणि आणायचा पदार्थ लिहावा. लिहिता येत नसेल तर मला सांगावे, मी लिहून देईन.

पहिले नाव माझेच आहे. पदार्थ : तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी