युनिटमागे साडेतीन लिटर

परळीचे औष्णिक वीज केंद्र २०१३ साली बंद ठेवावे लागले आणि २०१५ साली पुन्हा तीच वेळ आली. दोन्ही वेळा अडचण होती पाण्याची. त्याआधी २०१० साली इरई धरणातला साठा घटल्याने चंद्रपूरचे काही संच थांबवावे लागले होते. कोळशावर चालणाऱ्या केंद्राला पाण्यावाचून कुलूप लागावे, हे वरवर चमत्कारिक वाटते. पण त्याचे उत्तर केंद्राच्या आवारातच, कमरेत बारीक असलेल्या त्या प्रचंड कूलिंग टॉवरच्या रूपाने उभे असते. टॉवरमधून निघणारे पांढरे लोट म्हणजे धूर, असा सार्वत्रिक समज आहे. धूर जातो तो उंच चिमणीतून. टॉवरमधून जाते ती वाफ. म्हणजेच धरणातले पाणी.

कोळशातल्या उष्णतेपैकी एक तृतीयांशाहून थोडा अधिक भागच विजेत उतरतो. टर्बाइन फिरवून झालेल्या वाफेचे कंडेन्सरमध्ये पुन्हा पाणी करायचे, तर तिची उष्णता दुसऱ्या पाण्याला द्यावी लागते. हे तापलेले पाणी सरळ नदीत सोडले तर नदीतल्या जीवसृष्टीला ते बाधते. कायद्याने आधी लक्ष घातले ते या उष्णतेत. १ जून १९९९नंतर सुरू होणाऱ्या आणि नदी-तलावांचे पाणी घेणाऱ्या केंद्रांना कूलिंग टॉवर सक्तीचे झाले. नियम योग्यच होता. मात्र टॉवर पाणी थंड करतो, तो त्यातला काही भाग हवेत उडवूनच. नदीचा ताप उतरला आणि केंद्राची तहान वाढली.

या तहानेला मर्यादा घालायला डिसेंबर २०१५ उजाडावे लागले. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या अधिसूचनेने जुन्या केंद्रांना दोन वर्षांत पाण्याचा वापर दर हजार युनिटमागे साडेतीन घनमीटरवर, म्हणजे एका युनिटमागे साडेतीन लिटरवर आणण्यास सांगितले. जानेवारी २०१७पासूनच्या नव्या केंद्रांसाठी मर्यादा अडीच लिटरची होती. जून २०१८मध्ये ती तीन लिटर करण्यात आली. अर्ध्या लिटरचे काय एवढे, असे कोणी म्हणेल. एक हजार मेगावॉटचे केंद्र दिवसभर पूर्ण क्षमतेने चालले, तर या अर्ध्या लिटरचे रोज १ कोटी २० लाख लिटर होतात. माणशी १३५ लिटर धरले, तरी सुमारे ८९ हजारांच्या शहराचे ते पाणी आहे. साडेतीन लिटरच्या हिशेबाने तेच केंद्र ८ कोटी ४० लाख लिटर पिते.

काटकसरीला वाव नाही असे नाही. पाणी उडून जाते तसे मागे उरलेल्यात क्षार साठत जातात, आणि ते फार वाढू नयेत म्हणून काही पाणी काढून टाकावे लागते. क्षार तिप्पट होईपर्यंतच पाणी फिरवले, तर वाफ झालेल्या प्रत्येक शंभर लिटरमागे पन्नास लिटर फेकावे लागतात. पाचपट होईपर्यंत फिरवले, तर पंचवीसच. पण वाफ व्हायचे ते शंभर लिटर कशानेही वाचत नाहीत. हवेने थंड करणारे कंडेन्सर ते वाचवू शकतात. त्यासाठी भांडवल जास्त लागते आणि विजेचे उत्पादन काहीसे घटते.

खरी गोम इथेच आहे. नियम विचारतो, युनिटमागे किती लिटर? ते पाणी कुठल्या धरणातले आणि कुठल्या महिन्यातले, हे तो विचारत नाही. वैनगंगेच्या काठचा लिटर आणि मराठवाड्यातला लिटर त्याच्या लेखी सारखाच. परिणामी एखादे केंद्र नियमात तंतोतंत बसूनही दुष्काळी उन्हाळ्यात धरणाचा तळ दाखवू शकते. परळीच्या शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे विसरून चालणार नाही.

मार्ग दिसलेला आहे. नागपूरच्या भांडेवाडीतले प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या केंद्राला दिले जाते. २०१६च्या वीजदर धोरणानेही सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांना असे पाणी वापरणे बंधनकारक केले. शहराने एकदा वापरलेल्या पाण्याची वाफ झाली, तर पिण्याच्या पाण्यावर केंद्राचा भार पडत नाही. पण याला मोठे शहर जवळ लागते. जिथे ते नाही आणि पाऊसही बेभरवशाचा आहे, तिथे दोनच प्रामाणिक पर्याय उरतात: हवेवर थंड होणारे केंद्र, किंवा केंद्रच नको.

म्हणून परवानगी देताना धरणाची सरासरी पाहणे पुरेसे नाही. सर्वांत कोरड्या वर्षी त्यात किती पाणी होते, ते पाहिले पाहिजे. आणि केंद्राने किती पाणी उचलले याचे मीटरवरचे आकडे त्याच धरणावर जगणाऱ्या गावांना दरमहा कळले पाहिजेत. विजेचे बिल दर महिन्याला घरी येते. तिच्यासाठी गेलेल्या पाण्याचा हिशेबही तितक्याच नियमाने मिळायला हवा.