टेप काढू नका, पोरांनो!

सुट्टीत नगरला घरी गेलो की आपल्यातला इंजिनिअर जागा होतो. पहिला बळी वडिलांच्या मारुती ८०० मधला कॅसेट टेप! गेल्या दिवाळीत मीही नवा प्लेअर बसवायला गेलो. वायर थेट बॅटरीला जोडली, फ्यूज लावलाच नाही. डॅशबोर्डमधून धूर निघाला तेव्हा अक्कल आली. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून आपण घाबरत नाही, पण शॉर्ट झालं की तारेतून शेकडो अँपिअर धावतात आणि गाडी पेटू शकते.

खरं तर कापाकापीची गरजच नाही. कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर मिळतो. त्याची पिन मोबाईलला लावा, त्यातलं छोटं हेड टेपच्या हेडला गाणं चुंबकीय रूपात देतं. टेप बिघडलाय पण रेडिओ चालतोय? मग लायटरच्या सॉकेटमध्ये एफएम ट्रान्समीटर लावा आणि रिकामी फ्रिक्वेन्सी निवडा. पुण्याकडे जाताना ती बदलावी लागेल एवढंच.

करंजी घाटात मात्र मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू येईल इतकाच आवाज ठेवा. आणि टेप शाबूत राहिला, तर वडिलांच्या जुन्या कॅसेटीही वाजतील. गाडी शेवटी त्यांचीच आहे ना!