चौथा रविवार



दर महिन्याच्या चौथ्या रविवारी मंडळाचे कोणतेही काम करायचे नाही, असे कार्यकारिणीने ठरवले. मराठी शाळा नाही, ढोलाचा सराव नाही, नाटकाची तालीम नाही, बैठकही नाही. निर्णय कळवल्यावर व्हॉट्सअ‍ॅप गटावर आठ दिवस वाद चालला. ज्या सर्वसाधारण सभेत हा विषय आधी मांडला होता, तिथे मात्र सतरा जण हजर होते. आपली सभासद कुटुंबे दोनशेच्या वर आहेत. मत सभेत मांडले असते तर त्यावर तिथेच बोलता आले असते, एवढेच नोंदवतो.

ढोलपथकाचे म्हणणे असे की गणपती तोंडावर आले आहेत आणि सगळ्यांना मोकळा मिळतो तो रविवारच. शाळेच्या पालकांचेही तेच म्हणणे आहे. दोघांची तळमळ आम्ही जाणतो. मंडळ उभे आहे ते यांच्याच जिवावर. हॉलच्या शेजाऱ्यांनी तक्रार केली म्हणून कार्यकारिणी घाबरली, असेही काहींनी लिहिले. ते खरे नाही. तक्रार आली होती, ती सामोपचाराने मिटली. तरीही जर्मनीत राहताना इथला रविवार समजून घ्यायला हवा. रविवार आणि सणांचे दिवस विश्रांतीसाठी व मनाच्या उन्नतीसाठी राखावेत, हे कलम १९१९च्या वायमार राज्यघटनेत होते आणि १९४९च्या राज्यघटनेने ते जसेच्या तसे ठेवले. म्हणून दुकाने बंद असतात, भिंतीला ड्रिल लावता येत नाही, रिकाम्या बाटल्याही त्या दिवशी कंटेनरमध्ये टाकत नाहीत. नवीन आलेल्याला याचा जाच वाटतो. आम्हालाही वाटला होता.

पण निर्णयाचे खरे कारण घरातले आहे. पाडव्याच्या कार्यक्रमानंतर रात्री अकरा वाजता हॉलच्या स्वयंपाकघरात आपल्या एक कार्यकर्त्या श्रीखंडाचे पातेले घासत होत्या. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. मुलगी दोन खुर्च्या जोडून कोटाखाली झोपली होती, आणि यजमान एकटेच खुर्च्या रचत होते. बाईंना सोमवारी पहाटे साडेपाचची गाडी होती. त्याआधीचे पाच रविवारही त्यांचे तालमीत गेले होते. जून महिन्यात त्यांनी समितीचा राजीनामा दिला. कोणावर राग नव्हता. थकले, एवढेच म्हणाल्या. तीन वर्षांत असे सहा जण गेले. माणसे अशी गळत राहिली तर पुढच्या वर्षी ढोल कोण वाजवणार?

मराठी माणसाला हा रविवार फुकट मिळालेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले, आणि सुट्टी म्हणावी त्या दिवशी यंत्रे पुसायला बोलावत. ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार, अशा त्यात मागण्या होत्या. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगार सभेला जमले, त्यात दोन स्त्रियांनी भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच्याही आधीपासून आपल्याकडे अनेक गावांत सोमवारी बैल जुंपत नाहीत. कोकणातल्या बेने इस्रायल ज्यू तेल्यांना तर शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनिवार तेली’ हेच नाव पडले. वार पाळणे आपल्याला नवे नाही. बैलाला जो दिवस दिला तो कार्यकर्त्याला देताना आपण कुरकुरू नये, असे आम्हाला मनापासून वाटते.

निर्णय डिसेंबरअखेरपर्यंत लागू राहील आणि जानेवारीच्या सभेत सर्वांच्या मताने त्यावर फेरविचार होईल. गणेशोत्सव चौथ्या रविवारी आला तर सुट्टी पुढच्या रविवारी घेऊ, पण ती रद्द होणार नाही. ढोलपथकासाठी शुक्रवारी संध्याकाळी सहा ते आठ हॉल मिळाला आहे. शाळेचा बुडालेला तास इतर तीन रविवारी वीस-वीस मिनिटांनी भरून काढायला शिक्षिकांनी होकार दिला आहे, त्यांचे आभार. चौथ्या रविवारी गटावर कामाचे निरोप टाकू नयेत. आजारपण किंवा अडचण असेल तर अर्थातच केव्हाही कळवा.

गणेशोत्सवात जेवणानंतर स्वयंपाकघर आवरायला रोज चार जण लागतील. आतापर्यंत दोनच नावे आली आहेत. ज्यांनी आजवर हे काम केलेले नाही, त्यांनी यंदा एक संध्याकाळ द्यावी आणि पंधरा तारखेपर्यंत सचिवांकडे नाव नोंदवावे, ही कळकळीची विनंती.

— कार्यकारिणीच्या वतीने, संपादक